समोरून न दिसणारे आण्णा

नानासो यांना सिद्धूचा रामराम.

आधी राग लिहावा की आधी खुशाली विचारावी, यावर सकाळपासून डोकं चालवलं. शेवटी खुशाली जिंकली, कारण रागात माणसानं रीत सोडू नये असं मला आण्णांनी घरात आणि सुभेदारांनी पलटणीत, दोन्हीकडं शिकवलेलं आहे. तर, तुमची शुगर कशी आहे? वहिनींचा गुडघा बरा झाला का? वर्कशॉपला कामं भरपूर असणार, लोखंडाला कधी मंदी येत नाही. इकडं तुमची बहीण सुलाबाई ठीक आहे. माझ्याशी गरजेपुरतंच बोलते, आणि तिची गरज सध्या "वाढलंय" एवढीच आहे. मेंढरं ठीक. पाऊस माण तालुक्यात असतो तसा आहे, म्हणजे बातम्यांत. खुशाली संपली.

फोन न करता पत्र का, असं तुम्हांला वाटेल. फोन केला की तुम्ही "दाजी, मशीन चालू हाय, काय बी ऐकू येईना" म्हणून ठेवून देता. (रविवारी रात्रीसुद्धा मशीन चालू असतं तुमचं. वा.) कागद मशीनच्या आवाजातही वाचता येतो, म्हणून हे म्हसवडच्या पोस्टात टाकतोय. शेवटपर्यंत वाचा. मधेच खिशात घालू नका.

तुम्ही आणि माझ्या पोरीनं मिळून माझ्या बापाचं जे केलंत, त्याबद्दल मला बोलायचं आहे. आण्णा गेले तेव्हा गावानं ठरवलं की बिरोबासमोरच्या चौकात त्यांचा पुतळा करायचा. ढोलावरच्या गजी नाचात त्यांच्यासारखा रुमाल कुणाचा उडाला नाही, आणि मेंढक्यांची भांडणं मिटवायला कोरेगावापासून माणसं यायची, म्हणून हा मान. सरपंच हंबीररावाच्या डोळ्यांसमोर सिमेंटचा पुतळा होता, फेटा लाल, कोट निळा, मिशी काळीभोर. मीही त्याच मताचा होतो. पण सोनिया शिल्पकला शिकून तुमच्याकडं सांगलीत राहिलेली. ती म्हणाली, "पप्पा, आण्णांचा पुतळा मी करणार." माझी छाती फुगली. मला वाटलं, पोरगी आता छिन्नी-हातोडा घेईल, घाम गाळेल. आमच्या घराण्यात घाम न गाळता आजवर काही झालेलं नाही.

मागं तुमच्याकडं आलो होतो तेव्हा तिनं मला ते काम दाखवलं. तुम्ही चहा आणायला गेला होता (मुद्दाम, हे मला आता कळतं). कॉम्प्युटरच्या पडद्यावर आण्णा उभे, नुसत्या रेघांचे. या प्रकाराला पॅरामेट्रिक म्हणतात म्हणे. माती नाही, दगड नाही. खांद्याची रुंदी, पाठीचा बाक, पावलांमधलं अंतर, असे आकडे आत घालायचे आणि ते एकमेकांना असे बांधायचे की एक हलवला की सगळं अंग त्याच्या मागं हलतं. तिनं मला कौतुकानं पाठीचा बाक वाढवून दाखवला, तर आण्णांची मान पुढं आली, गुडघे वाकले, खांद्यावरच्या घोंगड्याची घडीसुद्धा सरकली. कमी केला, आण्णा परत ताठ. नानासो, ज्या माणसाला कचेरीत साहेबानं "बसा" म्हटलं की तो उभा राहायचा, त्याला ही पोरगी एका बोटानं उठाबशा काढायला लावत होती. आण्णांच्या बापानं त्यांना शाळेत घातलं नाही, आणि नातीनं एकदम भूमितीत घातलं. मला तिथं भडभडून आलं. (रागानं. गैरसमज नको.)

मग फोनवर प्रश्न सुरू झाले. आण्णांचं पायताण कुठल्या बाजूनं झिजायचं? काठी जमिनीला टेकायची का नुसती हातात असायची? घोंगडं घरी आहे का, मापून सांगा. एकदा मी रेशनच्या रांगेत, पुढं दोनच माणसं, आणि हिचा फोन. "पप्पा, आण्णांचा कुठला खांदा खाली असायचा?" मी म्हटलं, माणसाला खांदे दोन असतात आणि ते एका रेषेत असतात, ठेव फोन. त्यावर म्हणाली, "बरं, मग आज्जीला विचारते." म्हणजे मी सांगितलेलं धरायचं नाही! मी पोटचा पोरगा असून माझी साक्ष कच्ची, आणि म्हातारीची पक्की.

आता तुमचा गुन्हा. तुम्ही पोलादाचे पत्रे आणलेत आणि लेसरच्या मशीनवर माझ्या बापाचे काप पाडलेत. उभे काप, छातीला समांतर. पहिल्या पत्र्यात काठी आणि नाकाचा शेंडा, पुढच्यात गाल आणि पोट, असं करत शेवटच्यात घोंगड्याची पाठ. दोन पत्र्यांत बोटभर फट आणि सगळे सळयांनी ओवलेले. बहिणीच्या सासऱ्याला असा बेकरीतल्या पावासारखा कापताना तुमचा हात थरथरला नाही? (मशीनचा थरथरत नाही, हे मला माहीत आहे. तुमचं विचारतोय.) टेम्पोतून पत्रे उतरवताना पोटाचा पत्रा बघून सुलाबाईनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "मामंजींचं पॉट अगदी आसंच हुतं." 

चौक तुमच्या ओळखीचा आहे, तरी एकदा डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथंच झाला. पूर्वेला बिरोबाचं देऊळ. पश्चिमेला, देवळाच्या बरोबर समोर, आमच्या घराचं दार. उत्तरेला आमचा मेंढवाडा. दक्षिणेला एसटीचा रस्ता. मधोमध कट्टा. सोनियानं पत्रे जोडून आण्णांना कट्ट्यावर उभं केलं, बोल्ट आवळले, वर कापड गुंडाळलं, "यात्रेच्या दिवशीच उघडायचं, तोवर कुणी हात लावू नका" असं बजावलं आणि सांगलीला परतली.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव आला. कापडाला फेरी मारली, काठीचा शेंडा कुठल्या अंगाला आहे ते चाचपलं आणि हळूच म्हणाला, "सिद्धू, आण्णांची पाठ देवाकडं झाली की रं." बघतो तर खरंच! तोंड आमच्या दाराकडं, पाठ बिरोबाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवळातून निघताना पायरी उतरेपर्यंत उलटं चालत येणारा माणूस तो, त्याला नातीनं कायमचा देवाकडं पाठ करून उभा केला. पोरगी कॉलेजात गेली म्हणून देवाची दिशा विसरावी? बरं, पुरा फिरवावा तर पाठ येते घराकडं, म्हणजे आईकडं. जिवंतपणी आण्णा तिच्या वाट्याला थोडेच आले, आता मेल्यावर पाठ दाखवायची, हे मला बघवलं नसतं. दक्षिणेकडं तोंड करायचं नाही हे तर पाळण्यातल्या पोरालाही कळतं. राहिली उत्तर. म्हणून मी चौथाई फिरवायचं ठरवलं. उजव्या हाताला देव, डाव्या हाताला घर. रीतीत याच्यापेक्षा चोख काय बसणार होतं?

आमच्या पोरांनी नट सैल केले, ट्रॅक्टरचा जॅक लावला, पहारी घातल्या आणि आण्णांना कापडासकट फिरवलं. चौथाई फिरल्यावर खालची भोकं बोल्टांवर अशी अलगद बसली की जणू त्यासाठीच पाडलेली. आता मला सांगा, इतकी सारखी भोकं पाडायची गरज काय होती? जरा वाकडीतिकडी पाडली असतीत तर आम्हांला फिरवताच आलं नसतं, आणि पुढचं काही घडलं नसतं. यात चूक कुणाची, हे तुम्हीच मनाला विचारा.

यात्रेचा दिवस. मांडव आमच्या दारासमोर, सोनियानंच आधी सांगून ठेवलेल्या जागी. मुंबईची सगळी माणसं आलेली, आमदार आलेले. पुरुषांनीच मांडव भरला, म्हणून बायका उत्तरेला मेंढवाड्याच्या कुंपणाला टेकून बसल्या, मेंढरांच्या संगतीत. ढोल वाजला. आमदारांनी दोरी ओढली. कापड खाली आलं आणि मागचं बिरोबाचं देऊळ दिसलं. नुसतं देऊळ. कळस, पायऱ्या, पायरीवर झोपलेलं कुत्रं, सगळं स्वच्छ. मधे काही उभ्या बारीक रेघा, कुणी हवेवर पेन्सिल ओढल्यासारख्या. आण्णा नाहीत!

ढोलवाला थांबला. हंबीरराव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आरं, पुतळा सांगलीतच ऱ्हायला का काय?" मागून कुणीतरी चोर-चोर ओरडलं. आमदार मात्र मुरलेला माणूस. माईक हातात घेतला, रेघांकडं बघितलं आणि म्हणाले, "आण्णा आज आपल्याला दिसत नसले, तरी ते आपल्यातच उभे आहेत." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. आणि तेवढ्यात मेंढवाड्याकडून एकच कल्लोळ उठला. "आण्णा आलं गं! आण्णा आलं!" बाया हात जोडतायत, रडतायत, भंडारा उधळतायत. हंबीररावाला वाटलं सगळ्यांच्या एकदमच अंगात आलं, त्यानं लिंबं आणायला माणूस पिटाळला.

त्या दिवसापासून मला जो तो सांगतो, "सिद्धू, उत्तरंला जाऊन बघ की." का म्हणून? मी यजमान, मांडव सोडून बायकांत जाऊन उभा राहू? आणि पुतळा बघायला माणसानं त्याच्याभोवती हिंडत बसायचं का? पुतळा माणसाला दिसला पाहिजे, माणसानं पुतळ्याला शोधायचं नसतं. मी त्याच्याकडं बघणंच सोडून दिलंय. देवळात जातो तो मान खाली घालून. एसटीचा ड्रायव्हर चौकाजवळ गाडी हळू करून हात जोडतो, तोही माझी चेष्टाच करत असणार.

सोनिया त्या दिवशी तुमच्याबरोबर उशिरा, कापड पडल्यावर मांडवात आली, समोर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "पप्पा, कुणी फिरवला?" मी छाती पुढं काढून सांगितलं, मी, आणि का तेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी." आणि न जेवता तुमच्या गाडीत जाऊन बसली. यात्रेचं मटण टाकून आमच्या घरातलं कुणी गेल्याचं मला आठवत नाही. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. आईचा उचलते. दिवाळीलाही येणार नाही म्हणाली असं सुलाबाईकडून कळलं. नानासो, घराला एकच पोरगी आहे, आणि एका पुतळ्यापायी ती तुटत असेल तर तो पुतळा मला काय कामाचा?

वर अब्रूची बाजू वेगळीच. पेपरात फोटो आला. खाली छापलंय "आण्णांच्या पुतळ्यास पुष्पहार अर्पण", आणि फोटोत आमदार हवेला हार घालतायत. हार अधांतरी लोंबतोय. मुंबईच्या पोरांनी तो सगळीकडं पाठवला. आणि कहर म्हणजे आमच्या आईनं, बायडाबाईनं, या वयात बाज उचलून मेंढवाड्यात नेली. स्लॅबचं घर आहे, पंखा आहे, मी तिच्यासाठी फरशी बसवलीय, आणि ही मेंढरांत राहते. लोक म्हणतात, सिद्धूनं म्हातारी बाहेर काढली. माझ्यावर रुसलीय, दुसरं काय. मीही गेलो नाही. सुलाबाई तिकडं ताट नेते.

तर माझं सरळ म्हणणं असं. अमावास्येच्या आत टेम्पो पाठवा आणि तुमचे पत्रे घेऊन जा. नाहीतर भंगारवाला दर आठवड्याला येतो. मी गावाला सिमेंटचे आण्णा देणार, गोल, भरीव, मिशीवाले, चारी बाजूंनी सारखे दिसणारे. त्याची काळजी तुम्ही करू नका. राग पुष्कळ लिहिला, त्यातला तुमचा वाटा तुम्ही ठेवून घ्या, सोनियाचा तिला दाखवू नका.

तुमचा दाजी (सध्या नावापुरता),
सिद्धू

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. काल दिवस मावळायला आला तेव्हा सुलाबाई म्हणाली, आज ताट मी नेणार नाही, तुमचं तुम्ही आणा आईला. म्हणून मेंढवाड्यात गेलो, मान खाली घालूनच. म्हटलं, "आई, घरात चल. मानसं नावं ठिवाय लागली." ती म्हणाली, "बस की रं जरा. सदा मेला घाईत." बाजेवर बसलो. पायात काटा रुतला होता तो काढला आणि मान वर केली, तर समोर आण्णा. नानासो, अख्खे आण्णा. फटी गेल्या, रेघा गेल्या, सगळे पत्रे एकमेकांमागं भरून आले. नाक तेच, काठी हातातच, टेकलेली नाही, आणि पाऊल असं की आत्ता पुढचं पडेल. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आण्णा, कवा आलासा?" आई म्हणाली, "दिसलं न्हवं?" मी म्हटलं, तू सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "तू कवा इचारलंस?" (हे घराणंच तसलं आहे.)

मग म्हणाली, "पर ते हितं तोंड करून कवा उभं ऱ्हायलं न्हाईत. आठ म्हैनं मेंढरामागं. मिरगाला माघारी आलं की आदी देवळात. भंडारा वाहायचा, पायरीपतोर उलटं यायचं, आन् पायरी उतरली की घराकडं वळायचं. मी दारात. पोरीला म्या त्येवढंच सांगितलं हुतं, वळत्यालं आण्णा कर म्हणून." म्हणजे सोनियानं आण्णांना देवाकडं पाठ करून उभं केलंच नव्हतं. देवाला भेटून घराकडं निघालेला माणूस होता तो. आई दारात बसली की पूर्ण दिसणार होता, आणि रस्त्यानं येणाऱ्याला आधी कुणीच नाही, मग थोडा, मग घरापाशी अख्खा. तसेच यायचे ते. त्या दारात आईच्या पदराला धरून मीही उभा असायचो, आणि तिच्या पुढं असल्यामुळं आधी मलाच दिसायचे. हे मी कसा विसरलो, मला कळत नाही. मी रडलो. मेंढरांनी बघितलं, तुम्ही सुलाबाईला सांगू नका.

ता. क. दुसरा. टेम्पो पाठवू नका, मोठा पाना घेऊन या. आमच्या पोरांनी नटांचे कोपरे पार गोल करून ठेवलेत, गावातला पाना धरत नाही. आण्णांना परत घराकडं फिरवायचं आहे. हंबीररावाची अडचण नाही. त्याला आज सकाळी बाजेवर नेऊन बसवला. समोर बघितलं आणि म्हणाला, "सिद्धू, आण्णा माझ्याकडंच बघत्यात का रं?" (त्याचं आण्णांशी बांधावरून जुनं होतं.) तो तर म्हणतो, आजच फिरवा. सिमेंटवाल्याला नको म्हणून कळवलं. मिशी आहे, मोजून बघितली, बरीच आहे.

ता. क. तिसरा. सोनियाला घेऊन या. मी बोलावलंय असं सांगू नका, आज्जीनं बोलावलंय म्हणा. नाहीतर सांगा की पप्पा अडाणी आहे, किती फिरवायचं ते त्याला कळत नाही. यातलं दुसरं खरं आहे. मटण पुन्हा करतो. आणि मी रेशनच्या रांगेत होतो तेव्हा तिनं एक विचारलं होतं, त्याचं उत्तर तेवढं आजच द्या. डावा. दमलेलं कोकरू त्या खांद्यावर घ्यायचे, म्हणून डावा खांदा खाली असायचा.